निरोप समारंभानंतर

जीपचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला आणि राणीच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"आत्ती, माळेवाडीचा हॉर्न!"

तो हॉर्न आम्ही दोघी झोपेतसुद्धा ओळखला असता. सरपंचांनी हौसेनं बसवून घेतलेला, गारुड्याच्या पुंगीसारखा वाजायचा.

"पळ," मी म्हणाले. "भाभीकडं जा. चप्पल उचल आधी दारातली!"

पिठाचे हात तसेच घेऊन ती मागच्या दारानं गेली, मधली बुटकी भिंत ओलांडून रझियाभाभीच्या अंगणात उतरली. भाभीचे मालक सतार-तंबोरे करायचे. त्यांच्या पडवीत वाळत टाकलेल्या भोपळ्यांची रास असायची, तिच्याआड एक माणूस आरामात बसतं. आमची मिरज दोन गोष्टींसाठी नावाजलेली, वाद्यं आणि दवाखाने. वाद्यांनी माझ्या भाचीला लपवलं, आणि दवाखान्यांनी माझा जीव खाल्ला.

मी तिच्या जागी बसले आणि अर्धी थापलेली भाकरी पुढं थापायला घेतली. मनात म्हटलं, आज कोण? कुणाचा मुतखडा, का कुणाच्या सुनेचं बाळंतपण? माळेवाडीत कुणाला शिंक आली तरी माणूस मिरजेला यायचं, आणि मिरजेला आलं की सगुणाबाईकडं उतरायचं. मी एका मोठ्या दवाखान्यात आया होते. गावाला वाटायचं, तिथले सगळे डॉक्टर माझ्याच हाताखाली आहेत.

दारात सरपंच आप्पासाहेब उभे होते. "आक्का, घाबरू नगा," ते म्हणाले.

घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतं. त्यांच्या मागं ड्रायव्हरच्या खांद्यावर भार टाकून माझा भाऊ उभा होता, सिद्राम. राणीचा बाप. तोंडावर रक्ताचा थेंब नाही, आणि एक हात छातीवर.

आता ही पोर बापाच्या गावच्या जीपचा हॉर्न ऐकून का पळाली, ते सांगते. सांगायला लाज नाही वाटत, जीव जळतो फक्त.

आम्ही सनगर, घोंगड्या विणणारे. सिद्राम घरातल्या खड्ड्याच्या मागावर विणायचा. वहिनी लवकर गेली, तेव्हापासून राणी त्या खड्ड्याच्या काठावरच वाढली. डाव्या पायाचा अंगठा मुठीत धरून बसायची आणि मोठ्यानं धडे वाचायची. बाप हातानं विणायचा आणि कानानं शिकायचा. काळजी लागली की अजूनही ती अंगठा मुठीत धरते. शिकत शिकत पोर पीएचडीला लागली, आणि विषय काय घेतला म्हणाल? घोंगडी!

सिद्राम म्हणाला, "एवढं शिकून शेवटी माझ्याच खड्ड्यात उतरलीस व्हय गं?" तोंडानं असं म्हणाला, पण मनातून हरखला होता.

एकदा तिनं त्याला एक फोटो दाखवला. कुण्या साहेबानं इंग्रजांच्या काळात आमच्या भागातून नेलेली एक घोंगडी, विलायतेच्या एका संग्रहालयात ठेवलेली. तिच्या काठाला माशाच्या काट्यासारखी वीण होती. आमच्या आज्याच्या तोंडून त्या विणीचं नाव ऐकलं होतं, विणणारा मात्र कुणी उरला नव्हता. सिद्रामनं फोटो उजेडात धरून बघितला, तिरका करून बघितला, शेवटी मागं उलटून कोऱ्या कागदावर बोट फिरवलं.

"पाठ दिसत न्हाई," तो म्हणाला. "पाठ बगितल्याबिगर वीण कळत नसती, पोरी. हात लावायला पायजे."

तिथून सगळं सुरू झालं. परदेशात जाऊन पीएचडीचं संशोधन करणाऱ्या पोरांना सरकारकडून शिष्यवृत्ती मिळते, तिच्यासाठी राणीनं अर्ज केला, मुलाखत दिली, आणि यादीत तिचं नाव लागलं. पेपरात फोटो आला. झालं! माळेवाडीच्या चौकात फ्लेक्स लागला. राणीच्या मागं लंडनचं ते मोठं घड्याळ, वर विमान, खाली सरपंचांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची तोंडं. तिला जायचं होतं भलत्याच गावाला, पण आमच्या लोकांना विलायत म्हणजे लंडन.

सरपंच माणूस वाईट नाही हो. मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. पण त्याला सत्काराचं भारी वेड. एक दिवस येऊन म्हणाला, निरोप समारंभ ठरला, आमदारसाहेबांच्या हस्ते.

राणी म्हणाली, "आप्पासाहेब, अजून व्हिसा झाला नाही. पैसेही आले नाहीत."

"अगं, हुतंय ते! साहेबांची तारीख मिळणं आवघड. विमान काय, रोजच आसतंय."

असं झालं ते. पोरीचं तिकीट नाही, व्हिसा नाही, आणि पाहुण्यांना वेळ आहे म्हणून गावानं तिची पाठवणी केली. मांडव घातला, हलगी लावली, बायांनी ओटी भरली. आणि सिद्रामला खुर्ची दिली. साहेबांच्या शेजारी, व्यासपीठावर, डोक्याला फेटा बांधून. जन्मभर गावाच्या कार्यक्रमात कडेला उकिडवा बसणारा माणूस तो. खुर्चीत नीट टेकलासुद्धा नाही, काठावरच बसला, पडेन की काय अशा भीतीनं. मी खाली बायांत बसून डोळे पुसत होते.

तिथंच त्यानं राणीच्या हातात घोंगडी दिली. काळीभोर, आणि एका काठाला पांढऱ्या लोकरीचा चार बोटांचा पट्टा, माशाच्या काट्यासारखा. फोटोवरनं, मनानंच विणलेला. किती वेळा उसवून पुन्हा विणला होता कुणास ठाऊक.

"तितं थंडी हाय म्हणत्यात, पांघर," तो म्हणाला, आणि मग हळूच, "आणि त्या जुनीच्या शेजारी ठिवून बग. माझं कुठं चुकलंय ते बगून ये."

जीपनं तिला वाजतगाजत मिरजेला आणून सोडलं. शिष्यवृत्तीच्या कार्यालयात कुणीतरी सांगितलं होतं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "आत्ती, तेवढे दिवस तुझ्याकडं राहते, मग इथूनच मुंबईला जाते." मी म्हटलं, राहा की, माहेरच आहे तुझं.

आठ-पंधरा दिवस! दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा आला.

शिष्यवृत्तीचं खातं म्हणायचं, आधी व्हिसाचा शिक्का दाखवा, मग पैसे सोडतो. व्हिसावाले म्हणायचे, आधी पैसे दाखवा, मग शिक्का देतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. पोर एसटीनं पुण्याला जायची. कधी साहेब ट्रेनिंगला, कधी फाईल वर गेलेली, कधी वरून खाली आलेली पण सही राहिलेली. तिचे गाइड सर भले होते, त्यांनीही फोन केले, पत्रं लिहिली. सगळे नीट बोलायचे. कुणी नाही म्हणत नव्हतं, तेच वाईट. नाही म्हटलं असतं तर पोर रडून मोकळी तरी झाली असती.

मधल्या काळात माळेवाडीतनं माणसं येत राहिली आणि राणी भिंत ओलांडत राहिली. सुरुवातीला आम्ही हसायचोसुद्धा. एकदा गावचा पुजारी दोन दिवस मुक्कामाला राहिला, तर ती भाभीकडं शेवया वळायला शिकून आली. आठवड्यातनं एकदा ती सिद्रामला फोन करायची. तेव्हा हे व्हिडिओचं वेड गावाकडं पोचलं नव्हतं, म्हणून निभावलं. परदेशातनं कार्डावरनं फोन केला की नंबर कुठलाही दिसतो, असं तिनं सांगून ठेवलं होतं. "आबा, इथं बर्फ पडतंय," ती म्हणायची, आणि माझ्याकडं पाठ फिरवून उभी राहायची.

मी म्हटलं तिला, एकदा नाही, दहादा म्हटलं, "अगं, बापाला तरी खरं सांग."

"सांगू काय, आत्ती? आबा खोटं बोलू शकत नाहीत. त्यांच्या तोंडावरच दिसेल. मग गाव विचारेल, एवढे महिने पोरगी होती कुठं? कुणाबरोबर होती? फ्लेक्स लावणारीच माणसं विचारतील." मग आवाज बारीक करून म्हणाली, "त्यांना खुर्ची दिली गं गावानं."

गाव मलाही माहीत होतं.

तर तो बाप आता माझ्या खाटेवर आडवा पडला होता, आणि पोर भिंतीपलीकडं भोपळ्यांआड.

सरपंचांनी सांगितलं, दोन दिवस छातीत कळा येत होत्या, गडी बोलला नाही, आज मागावरच कोसळला. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मी भाकरी, पिठलं वाढलं. सिद्रामनं एक तुकडा मोडला, हातात धरून बघितला.

"भाकरी तू केलीस?"

"मग कोण करणार? माझी सासू?"

"हात बदलला तुझा," तो म्हणाला. "पातळ झाल्यात."

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही नशिबानं? त्याला हुडहुडी भरली. मी आत चादर आणायला गेले, तोवर सरपंचांनी खाटेच्या पायथ्याची घोंगडी ओढली. राणीची! रोज तीच पांघरून झोपायची ती, पळायच्या घाईत तिथंच राहिली होती.

"ही काय, घोंगडी हाय की! सनगराच्या बहिणीकडं आणि चादर कशाला?" असं म्हणत त्यांनी ती सिद्रामच्या अंगावर टाकली. तीच घोंगडी त्यांनी व्यासपीठावर हात लावून बघितली होती, पण त्यांना सगळ्या घोंगड्या सारख्याच.

पांढरा पट्टा खालच्या बाजूला दुमडलेला होता. मी देवाचं नाव घेतलं. सिद्रामचे डोळे मिटलेले होते, पण हात, विणकराचा हात तो, तो कुठं गप्प बसतो? घोंगडीवरनं फिरत फिरत काठाला गेला, काठाखाली गेला, आणि थांबला.

बराच वेळ तो हात तिथंच होता.

"सगुणे, ही कुणाची गं?"

"तूच दिलेली की मागं. जुनी आहे."

"व्हय," तो म्हणाला. "दिली आसंल."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मला कळेना, त्याला उमगलं की नाही. दुखण्यानं बधिर झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

भांडी घासायचं निमित्त करून मी मागच्या अंगणात गेले. भिंतीपलीकडनं राणी कुजबुजली, "कोण आलंय?"

"आबा," मी म्हटलं. "छातीचं दुखणं आहे."

तिनं सरळ भिंतीवर पाय टाकला.

"चल," मी म्हणाले, "होऊ दे काय व्हायचं ते." खरंच म्हणाले. पाप पुण्य, गाव, फ्लेक्स, सगळं गेलं चुलीत, असं वाटलं मला त्या घडीला.

तेवढ्यात आतनं सिद्रामचा आवाज आला. सरपंच फोनवर गावाकडं बोलत होते, त्यांना तो सांगत होता, "राणीला कळवू नगा. पाया पडतो, आप्पासाहेब. एकटी हाय तिकडं. काम टाकून निगाली तर तिचं सगळं मोडंल."

"न्हाई कळवत, आण्णा. तुम्ही गप पडा बरं."

राणीनं भिंतीवरचा पाय मागं घेतला. तिथंच, पलीकडं, खाली बसली. भाभी धावत आली आणि तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला ओळखीची म्हणून बाजूला घेतलं. "मावशी, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. ऑपरेशन लगेच करायला हवं. आणि तोवर त्यांच्या मनाला धक्का लागेल असं काही नको. काही बोलायचं असेल ते नंतर बोला."

मी राणीला म्हटलं, "परवा त्याच्यापुढं जा, लंडनवरनं आले म्हण. विमानानं येतातच की माणसं."

"आणि त्यांनी विचारलं, त्या जुनीची पाठ बघितलीस का? तर? फोनवर माझं तोंड दिसत नाही, आत्ती, म्हणून बोलू शकते. समोर नाही जमायचं. आणि डॉक्टर म्हणाले ना, धक्का नको." ती अंगठा मुठीत धरून बसली होती. "ऑपरेशन होऊ दे. शुद्धीवर आले की सगळं सांगते. पाय धरून सांगते."

"नक्की?"

"तुझी शपथ."

ठरलं तसं. आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. आजवर कितीदा मनात उलटसुलट करून बघितलं, अजूनही सुचत नाही.

सिद्रामनं वॉर्डात जाताना घोंगडी सोडली नाही. सिस्टर म्हणाली, दवाखान्याचं ब्लँकेट आहे. तो म्हणाला, "असू द्या, बाई. ही माज्या अंगाची हाय." दुपारी सरपंच त्याच्या उशाशी बसलेले, मी पायथ्याशी, आणि फोन वाजला. राणीच्या फोनचा वार होता तो. भाभीच्या घरनं करत होती. नाही केला असता तर त्याला संशय आला असता.

"घ्या! लंडनचा फोन!" सरपंचांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं आणि आवाज मोठा करून फोन सिद्रामच्या छातीवर ठेवला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"आबा, बरे आहात का?"

"मला काय धाड भरलीया? मागावर बसलोय." तो आमच्याकडं बघून हसला. "तू जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

ती अडखळली. "पाव."

"पावानं काय हुतंय. भाकरी करत जा. तुजी भाकरी पातळ हुती." मग म्हणाला, "त्या जुनीच्या शेजारी आपली ठिवून बगितलीस का?"

सरपंच म्हणाले, लाईन गेली काय? मी घोंगडीकडं बघत होते. ती त्याच्या अंगाखाली होती, आणि त्याचं बोट त्या पांढऱ्या पट्ट्यावरनं फिरत होतं, एका काट्यावरनं दुसऱ्या काट्यावर.

"बघितली, आबा."

"मग? कुठं चुकलंय माझं?"

"कुठंच नाही. आबा, तुमचं कुठंच चुकलं नाही."

"आसं कसं आसंल? पाठ न बगता विणलीया. चुकलं आसणारच की कुठंतरी." त्याचा आवाज मऊ होता, लहानपणी तिला निजवताना असायचा तसा. "असू दे. पांघरतीस न्हवं?"

"रोज पांघरते."

"उबदार हाय?"

"खूप उबदार आहे, आबा."

"मग झालं तर. आजून काय पायजे? नीट ऱ्हा. घाबरू नगंस. आणि काम झाल्याबिगर येऊ नगंस."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "लेक लंडनला आसती व्हय? नशीब काढलंत!" सिद्राम म्हणाला, "व्हय," आणि फेटा बांधला होता त्या दिवशी बसला होता तसा, खाटेवर ताठ बसायला गेला. मी उठून बाहेर आले. नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी राणीला भाभीचा बुरखा घालून आणली. कल्पना भाभीची. "आक्का, बच्ची बाप को देखे बगैर रहेगी क्या? माझ्यासंगट बसेल, कोण विचारतंय?" आमच्या दवाखान्यात निम्म्या बायका बुरख्यातल्याच असायच्या. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकडं होतं, तिथं दोघी बसल्या. गावाकडनं आणखी एक जीप आली होती, सगळा व्हरांडा माळेवाडीनं भरला होता.

स्ट्रेचर आलं. सिद्राम घोंगडी पांघरून पडलेला. ढकलणारा माणूस म्हणाला, "मावशी, ही आत नेता येत नाही, घ्या तुमच्याकडं." मी हात पुढं केला. सिद्रामनं घोंगडी घट्ट धरली.

"थांबा वाईच," तो म्हणाला.

तो बाकड्याकडं बघत होता. राणी पाय वर घेऊन बसली होती. तिला बिचारीला काय माहीत, बुरख्याच्या खालनं एक पाऊल बाहेर आलं होतं, आणि डाव्या पायाचा अंगठा मुठीत धरलेला.

"ही त्या माउलीला द्या," सिद्राम म्हणाला. "गारठलीया."

सरपंच हसले. "आण्णा, काय बोलताय? कोण कुठली बाई ती!"

"आसंल कुणाची तरी लेक. बाप आत आसंल तिचा." त्यानं स्वतःच्या हातानं घोंगडी अंगावरनं काढली, पांढरा काठ वर येईल अशी घडी घातली, आणि सरपंचांच्या हातात दिली. "द्या म्हणतो न्हवं."

सरपंचांनी दिली. "घ्या ताई. म्हातारा ऐकत न्हाई," म्हणाले, आणि माझ्या भाचीच्या मांडीवर तिच्या बापाची घोंगडी ठेवली.

तिला हाक मारता येईना. आवाज काढला असता तर सगळ्या गावानं ओळखला असता. हात पुढं करता येईना. नुसती दोन्ही हातांनी ती घोंगडी तोंडाशी धरून बसली. भाभी म्हणत होती, "सबर कर, बेटा, सबर." सिद्राम तिच्याकडंच बघत होता, दार बंद होईपर्यंत. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही त्यानं. मला राग नाही आला.

तो आतनं जिवंत बाहेर आला नाही. शुद्धीवर आले की पाय धरून सांगते, म्हणाली होती ना? राहिलं ते.

गावात माती झाली. "लंडनहून यायला वेळ लागतो, मयत किती थांबवायचं?" असं सगळ्यांनीच म्हटलं आणि सगळ्यांनाच ते पटलं. तिचा फोन आला, तो सरपंचांनी स्मशानातच घेतला, रडत रडत म्हणाले, "बाळ, येऊ नगंस. आण्णांची इच्छा हाय, काम पुरं कर." मिरजेत भाभीच्या पडवीत, भोपळ्यांच्या मधे बसून तिनं ते ऐकलं. मी मातीला गेले होते, तिच्याजवळ नव्हते.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर काही झालं नाही. तिचं वर्ष संपलं, पुढच्या वर्षाची यादी लागली, तिच्यात दुसऱ्या पोरांची नावं होती. राणीनं फोटोवरनंच प्रबंध पुरा केला. त्यात तिनं स्पष्ट लिहिलंय, पाठ बघता आली नाही. आज कॉलेजात शिकवते, चांगली शिकवते. लग्न केलं, पोरं आहेत. सिद्रामच्या विणीत कुठं चुकलं होतं, ते तिलाही माहीत नाही.

पण एक राहिलं सांगायचं. पीएचडी झाल्यावर गावानं तिचा पुन्हा सत्कार केला. ती नको नको म्हणत होती, पण सरपंच म्हणाले, साहेबांची तारीख मिळालीया. तोच मांडव, तीच हलगी. व्यासपीठावर तीच खुर्ची, आणि खुर्चीवर सिद्रामचा फेट्यातला फोटो, हार घातलेला. राणीला म्हणाले, लंडनबद्दल दोन शब्द बोल. ती माईकसमोर उभी राहिली. "आबा," म्हणाली, आणि पुढं काही निघेना. ओठ हलत होते, आवाज नाही. सरपंचांनी डोळे पुसत माईक घेतला, म्हणाले, बापाच्या आठवणीनं कंठ दाटला पोरीचा. सगळ्या माळेवाडीनं टाळ्या वाजवल्या.

मी खाली बायांत बसले होते, घोंगडी मांडीवर घेऊन. राणीनंच आणायला सांगितली होती. शेजारी गावातली एक थकलेली म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. तिनं चाचपडत काठाला हात लावला.

"ही सिद्रामाची न्हवं? पोरीबरुबर इलायतेला गेलेली?"

"हो," मी म्हणाले.

तिनं घोंगडी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. "एवढ्या लांब जाऊन आली माय, जपून ठिवा," ती म्हणाली.

जपून ठेवलीय. माझ्या खाटेवरनं निघून दवाखान्याच्या त्या बाकड्यापर्यंतच गेली होती ती. त्याच्या पुढं काही तिला जाता आलं नाही.